खाऱ्या मातीची राखण

समुद्राचे पाणी शेतात शिरले की पीक जाते, हे सर्वांनाच ठाऊक आहे. पण पाणी ओसरले, पावसाने मीठही धुऊन नेले, तरी माती पुढे कित्येक दिवस रुसून बसते. ती का? आणि कोकणापासून सुंदरबनापर्यंतचे शेतकरी तिला पिढ्यान् पिढ्या कसे मनवत आले?

पावसाळ्याचा पहिला जोर ओसरल्यावर अलिबाग-पेणच्या खारेपाटात कोणी बांधावरून चालत गेले, तर त्याला शेजारशेजारच्या खाचरांत दोन तऱ्हेचे पाणी साचलेले दिसू शकते. एका खाचरातले पाणी इतके नितळ की तळाची ढेकळे दिसावीत. दुसऱ्यातले पाणी दुधी, गढूळ, आणि दोन दिवस झाले तरी न निवळणारे. नवख्या माणसाला विचारले तर तो नितळ पाण्याचे शेत पसंत करील. खारेपाटातला जुना शेतकरी मात्र दोन्हीकडे पाहून मान हलवील. नितळ पाण्याच्या शेतात अजून भरपूर मीठ आहे. गढूळ पाण्याच्या शेतातले मीठ बरेचसे गेले, पण जाताना ते मातीची घडी विसकटून गेले आहे.

पहिल्या जमिनीला मराठीत खारवट म्हणतात आणि दुसरीला चोपण. सांगली-कोल्हापूरच्या ऊस बागायतदारांनाही हे शब्द परिचयाचे आहेत. पाटाचे पाणी वारेमाप दिले आणि निचरा झाला नाही, की काळी जमीन चोपण होते. किनाऱ्यावर तेच काम समुद्र करतो. देशात सुमारे ६७ लाख हेक्टर जमीन क्षारांनी बाधित आहे आणि त्यातली सुमारे साडेबारा लाख हेक्टर किनारपट्टीवर आहे. गुजरातचा सपाट किनारा, कोकणातल्या खाड्या, गोव्यातली खाजणे, केरळातली खाजणशेती, आंध्र-ओरिसाचे त्रिभुज प्रदेश आणि बंगालचे सुंदरबन असा हा पट्टा पसरला आहे. या जमिनीवर लाखो कुटुंबांचे वर्षाचे तांदूळ अवलंबून असतात.

तुरटी आणि धुण्याचा सोडा

मातीचे हे रुसणे समजून घ्यायला स्वयंपाकघरातल्या दोन वस्तू पुरतात. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले की घराघरांत तुरटी फिरवली जाते. पाण्यात तरंगणारे मातीचे कण एकमेकांना चिकटतात, त्यांच्या गुठळ्या होतात आणि त्या तळाशी बसतात. धुण्याचा सोडा याच्या उलट वागतो. कपड्याला चिकटलेला मळ तो सुटा करतो आणि पाण्यात तरंगत ठेवतो. सोड्यात सोडियम असते.

शेतातल्या मातीत हाच खेळ चालू असतो. चिकणमातीचे कण म्हणजे डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म पापुद्रे. त्यांच्या अंगावर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात. त्यांना जवळ धरून ठेवण्याचे काम प्रामुख्याने कॅल्शियम करते. कॅल्शियमचा भार दुहेरी असल्याने त्याची पकड घट्ट असते. या पकडीमुळे मातीचे बारीक बारीक रवे होतात, रव्यांमध्ये फटी राहतात, आणि त्या फटींतून पाणी, हवा व मुळे खाली जातात. चांगल्या जमिनीला आपण भुसभुशीत म्हणतो, ती भुसभुशीत असते ती या रव्यांमुळेच.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात सोडियम साडेदहा-अकरा ग्रॅम, तर कॅल्शियम अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी. असे पाणी शेतात उभे राहिले की सोडियम संख्येच्या जोरावर कॅल्शियमला कणांवरून हुसकावून त्याची जागा घेते. पण सोडियमची पकड सैल असते. ते स्वतःभोवती पाण्याचे जाड वेष्टण घेऊन बसते, त्यामुळे कण एकमेकांजवळ येऊ शकत नाहीत.

गंमत अशी, की याचे दुष्परिणाम लगेच दिसत नाहीत. मातीतल्या पाण्यात मीठ भरपूर असेपर्यंत कण एकमेकांजवळच दाबले जातात, म्हणून खारवट शेतातले पाणी नितळ असते. मग पाऊस पडतो आणि सुटे मीठ वाहून जाते, पण कणांना चिकटलेले सोडियम तिथेच राहते. आता कणांना जवळ ठेवणारे काहीच उरत नाही. रवे फुटतात, सुटे कण पाण्यात तरंगतात आणि खाली बसताना नेमके त्या बारीक फटींत जाऊन बसतात. फटी बुजल्या की जमीन लिंपल्यासारखी होते. ओली असताना ती पायाला लोण्यासारखी लागते आणि वाळली की कुदळीलाही दाद देत नाही. वर पाणी साचलेले असते आणि वीतभर खाली माती कोरडी असते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड येथील क्षारता प्रयोगशाळेने १९५४ मध्ये यासाठी मोजमापे ठरवून दिली, आणि थोड्याफार फरकाने ती आजही जगभर वापरली जातात. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता मीटरला ४ डेसीसायमनपेक्षा जास्त असेल तर जमीन खारवट. कणांवरच्या एकूण विनिमययोग्य क्षारांपैकी सोडियमचा वाटा १५ टक्क्यांवर गेला तर जमीन चोपण, आणि अशा जमिनीचा सामू बहुधा साडेआठच्या वर असतो. दोन्ही लक्षणे एकत्र असतील तर ती खारवट-चोपण. किनाऱ्यावरच्या बहुतेक जमिनी मुळात खारवट असतात. त्यांचे मीठ धुतले जात असताना, निचरा बरा नसेल तिथे, चोपणपणाचे डाग उमटतात.

पोयट्याची जमीन आणि उन्हाळ्याचे मीठ

खाडीकाठची जमीन नदीने आणि भरतीने आणलेल्या गाळाची असते. वाळू, पोळी आणि चिकणमाती यांच्या मिश्रणातून तयार झालेली ही पोयट्याची जमीन. एरवी पोयटा म्हणजे शेतकऱ्याच्या आवडीची माती. पण किनाऱ्यावर तिचा एक गुण दोष होऊन बसतो.

इथे जमिनीखाली हात-दोन हातांवरच खारे पाणी असते. दिव्याची वात तेल वर ओढते तशी माती हे पाणी वर ओढते. वाळूच्या फटी मोठ्या असल्याने तिच्यात पाणी फार वर चढत नाही. अगदी चिकण मातीत ते वर चढते, पण फार सावकाश. पोयट्यात ते बऱ्यापैकी उंच आणि बऱ्यापैकी वेगाने चढते. कडक उन्हात पाणी वाफ होऊन जाते आणि मीठ वर राहते. एप्रिल-मे महिन्यांत खार जमिनीवर पिठी भुरभुरल्यासारखा पांढरा थर दिसतो तो यामुळे.

अशा जमिनीत खड्डा खणला तर वरच्या तपकिरी थराखाली निळसर-करडी माती लागते आणि तिच्यात गंजासारखे तांबूस ठिपके दिसतात. हे निचरा नसल्याचे लक्षण. पाणी कायम भरलेले असल्याने हवा खेळत नाही, मातीतल्या लोहाचा रंग उडतो, आणि मुळांच्या जुन्या वाटांनी जिथे थोडी हवा पोचते तिथे गंज धरतो. भात या जमिनीत तग धरते, कारण भाताच्या देठातून मुळांपर्यंत हवा पोचवण्याची सोय असते. पण भातानंतर जवळच्या गोड्या जमिनीत जसे वाल-पावटे घेतात, तसे इथे घेता येत नाहीत. खारेपाटातल्या कुटुंबाला एकाच पिकावर वर्ष काढावे लागते. शिवाय चोहीकडे पाणी असूनही प्यायला गोडे पाणी नाही. उन्हाळ्यात या भागातल्या अनेक गावांना टँकरची वाट पाहावी लागते, आणि त्याची सर्वात जास्त झळ बायकांना लागते.

उघाडीचे गणित

तरीही कोकणातल्या माणसाने ही जमीन सोडली नाही. कोकणात अशी सुमारे ६५ हजार हेक्टर खार जमीन आहे. खाडीच्या अंगाला मातीचा बांध घालून भरती अडवायची आणि बांधात ठिकठिकाणी उघाडी ठेवायची, ही इथली जुनी पद्धत. उघाडी म्हणजे झडपेचे दार. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने दार मिटते. ओहोटी लागली आणि आतल्या पाण्याची पातळी वर राहिली की ते बाहेर उघडते. ना इंजिन, ना वीज. दिवसातून दोनदा समुद्रच ते दार लावतो आणि उघडतो.

या दाराचे महत्त्व मातीच्या स्वभावात दडले आहे. वर सांगितल्याप्रमाणे या जमिनीत पाणी खाली मुरत नाही. म्हणजे मीठ खालच्या बाजूने घालवण्याची सोय नाही. ते वरच्या पाण्यात विरघळवून आडव्या वाटेनेच बाहेर काढावे लागते. म्हणून जूनमध्ये पहिल्या पावसाचे पाणी शेतात साठवतात, माती ढवळून चिखल करतात, मीठ पाण्यात उतरू देतात आणि ओहोटीच्या वेळी ते पाणी उघाडीतून सोडून देतात. असे दोन-तीनदा केले की वरची वीतभर माती रोपांना सोसेल इतकी गोडी होते. कोकणात अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मीठ धुवायला एवढे गोडे पाणी फुकट मिळणारे प्रदेश जगात थोडे आहेत. पण ते पाणी वेळेवर बाहेर पडले नाही तर त्याचा काही उपयोग नाही. पाऊस धो धो पडतो आहे आणि उघाडीत गाळ अडकून दार उघडत नाही, अशा शेतात मीठही बुडते आणि रोपही बुडते.

बियाणेही इथले वेगळे. भुरा राता आणि काळा राता या लाल तांदळाच्या जुन्या जाती खारटपणा सोसणाऱ्या म्हणून ओळखल्या जातात. भाताचे रोप कोवळे असताना आणि फुलोऱ्यात असताना मिठाला सर्वात जास्त भिते. मधल्या काळात ते बरेच सोसते. म्हणून अनेक ठिकाणी रोपे उपटून लावण्याऐवजी मोड आलेले बी चिखलात फेकतात. याला रहू पद्धत म्हणतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे पनवेल येथे खार जमीन संशोधन केंद्र आहे. तिथे जुन्या राता जातींचा सोशिकपणा आणि नव्या जातींचे उत्पन्न यांचा मेळ घालून पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशी वाणे तयार झाली.

बांध कोणाचा?

बांध मातीचा असतो. खेकडे त्याला बिळे पाडतात, उधाणाच्या लाटा त्याची माती खातात, गुरे त्याच्या कडा मोडतात. एका ठिकाणी खांड पडली की एकट्याचे शेत जात नाही, त्या बांधामागचे सारे शिवार जाते. त्यामुळे खार जमिनीत आपापले शेत आपापले सांभाळण्याला अर्थ नसतो. पूर्वी उधाणाच्या रात्री खांड पडल्याची हाक आली की घरटी माणूस टोपली-फावडे घेऊन बांधावर धावत असे.

खारेपाटाचा इतिहास वाचताना हे विसरून चालत नाही. अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी १९३३ मध्ये खोतांच्या जुलमी वाट्याविरुद्ध संप पुकारला आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली सुमारे सहा वर्षे शेती कसायचे नाकारले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या कुळांची बाजू घेतली आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती गेली. त्याच सुमारास, १९४८ मध्ये, मुंबई सरकारने खार जमिनींसाठी स्वतंत्र कायदा केला, आणि १९७९ मध्ये महाराष्ट्र खार जमीन विकास कायदा झाला. सरकारी खर्चाने पक्के बांध, सिमेंटच्या उघाड्या होऊ लागल्या.

कसणाऱ्याला जमीन मिळाली, हा न्यायच होता. पण बांधाची राखण मात्र हळूहळू गावाच्या हातून सुटली. बांध सरकारचा झाला, आणि सरकारी निधी येईपर्यंत खांड तशीच राहू लागली. टोपलीभर मातीने बुजली असती अशी भगदाडे दोन उधाणांत नाल्याएवढी झाली. घरातली तरुण माणसे मुंबईला, कारखान्यांत आणि बंदरांवर कामाला गेली होती. हाक ऐकून धावणार कोण?

गोव्याची मानस

गोव्यात हीच गोष्ट थोड्या वेगळ्या तऱ्हेने घडली. मांडवी आणि झुआरी नद्यांच्या काठी सुमारे १८ हजार हेक्टर खाजण जमीन आहे. चोडण, दिवाडीसारखी बेटे खाजणांसाठी प्रसिद्ध आहेत. माती, गवत आणि बांबू यांचा बांध, त्याच्या खाडीकडच्या अंगाला जांभ्या दगडाचे अस्तर, आणि बांधात लाकडी दारांची मानस, अशी ही रचना. आत पाणी साठण्यासाठी पोंय असते. खाजणात कोरगुट, आसगो यांसारखी मिठाला न डगमगणारी भाते पिकतात. ओहोटीला मानशीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात मासे पकडण्याच्या हक्काचा लिलाव होतो.

हा सारा व्यवहार शतकानुशतके गावकरीकडे होता. बांधाची देखभाल, मानशीचा लिलाव आणि जमिनीची वाटणी एकाच संस्थेच्या हाती असे. पोर्तुगीजांनी या संस्थेला कोमुनिदाद असे नाव दिले, पण तिचे काम चालू ठेवले. मुक्तीनंतर १९६४ च्या कूळ कायद्याने कुळांना हक्क मिळाले आणि बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. काही ठिकाणी हे संघ नेटाने काम करतात. काही ठिकाणी मात्र मासळीचे उत्पन्न भातापेक्षा मोठे वाटू लागले. मानस वेळेवर न लावता भरतीचे पाणी आत घेतले की मासे वाढतात आणि शेते मिठाने मरतात. दार तेच, पण त्याची दोरी कोणाच्या हाती आहे यावर शेत ठरते.

मिठाशी जुळवून घेणारे

केरळच्या लोकांनी वेगळा रस्ता काढला. एर्नाकुलम, त्रिचूर आणि अलेप्पी जिल्ह्यांच्या खाऱ्या पाणथळीत पोक्काळी नावाचे भात घेतात. पावसाआधी शेतात मातीचे छोटे ढीग करतात. पहिल्या पावसाने ढिगांतले मीठ खाली धुऊन जाते आणि त्यावर बी टाकतात. रोपे हातभर वाढली की ढीग मोडून ती शेतात पसरतात. हे भात माणसाएवढे उंच वाढते, खते-औषधे मागत नाही, आणि पाणी ओसरल्यावर फक्त कणसे कापून घेतात. मग नोव्हेंबर ते एप्रिल, पाणी खारे असताना, त्याच शेतात कोळंबी वाढवतात. कोळंबी भाताच्या कुजणाऱ्या देठांवर पोसते आणि तिची विष्ठा पुढच्या भाताला खत होते. या तांदळाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पोक्काळीच्या सोशिकपणामागे जी जनुके आहेत त्यांचा एक महत्त्वाचा गट शास्त्रज्ञांनी शोधला, आणि त्याचा उपयोग आज आशियातल्या अनेक देशांत नवी वाणे तयार करण्यासाठी होतो.

सुंदरबनात अशी सवड नाही. तिथल्या वस्तीच्या बेटांभोवती सुमारे साडेतीन हजार किलोमीटर लांबीचे मातीचे बांध आहेत. २५ मे २००९ रोजी आलेल्या आयला वादळाने ते ठिकठिकाणी फोडले आणि शेतांत, तळ्यांत, घरांत खारे पाणी शिरले. अनेक गावांत पुढची दोन-तीन वर्षे भात नीट झाले नाही, आणि पुरुषमंडळी केरळ-तामिळनाडूपर्यंत मजुरीला गेली. पुढे २०२० मध्ये अम्फान आणि २०२१ मध्ये यास वादळाने तीच जखम पुन्हा उघडली.

केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली. तिचे मुख्यालय हरियाणात कर्नालला आहे आणि एक केंद्र सुंदरबनाच्या तोंडाशी, कॅनिंग येथे. तिथे एक साधा उपाय विकसित झाला. शेताच्या सुमारे पाचव्या हिश्शात तळे खणायचे आणि निघालेली माती उरलेल्या शेतावर पसरून ते उंच करायचे. तळ्यात पावसाचे गोडे पाणी साठते, मासे होतात, आणि उंच जमिनीचा निचरा सुधारल्याने हिवाळ्यात भाजीपाला घेता येतो. एकाच भातावर बसणाऱ्या घरात वर्षभर काहीतरी हाताला येऊ लागते.

घाई नडते

या मातीशी घाई करून चालत नाही, हा धडा हॉलंडने महागात शिकला. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी वालखेरेन बेटाचे समुद्रबांध फोडले आणि बेटावरची शेती वर्षभराच्या आसपास भरतीच्या पाण्याखाली राहिली. बांध पुन्हा बांधल्यावर पावसाने मीठ धुऊन काढले, पण सोडियम मागे राहिले. अशा ओल्या जमिनीत अवजारे घालणे म्हणजे तिची घडी कायमची मोडणे, हे तिथे लक्षात आले. म्हणून १ फेब्रुवारी १९५३ च्या पुरात १८३६ माणसे गेली आणि मोठा मुलूख खाऱ्या पाण्याखाली आला, तेव्हा डच तज्ज्ञांनी शेतकऱ्यांना बजावले की ओल्या जमिनीला हात लावू नका, आधी जिप्सम टाका आणि चर मोकळे करा.

जिप्सम म्हणजे कॅल्शियमचे सल्फेट. त्यातले कॅल्शियम कणांवर आपली जुनी जागा परत घेते आणि हुसकावलेले सोडियम पाण्यात उतरते. उत्तर भारतात याच उपायाने लाखो हेक्टर ऊसर जमीन लागवडीखाली आली. मात्र हुसकावलेले सोडियम वाहून जायला वाट नसेल तर ते पुन्हा तिथेच बसते. निचऱ्याची सोय नसताना टाकलेले जिप्सम म्हणजे वाया घालवलेला पैसा.

खार जमीन असेल तर

अशी जमीन बाळगणाऱ्या कुटुंबांना काही साध्या गोष्टी करता येतात. शेतातले वाळलेले ढेकूळ, सुपारीएवढे, काचेच्या पेल्यात पावसाच्या स्वच्छ पाण्यात अलगद ठेवावे आणि न हलवता दिवसभर तसेच राहू द्यावे. ढेकळाभोवती दुधासारखे वलय पसरले तर सोडियमचा संशय घ्यावा. मग माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना देऊन क्षारता, सामू आणि विनिमययोग्य सोडियम तपासून घ्यावे. उन्हाळ्यातला आणि पावसाळ्यानंतरचा असे दोन नमुने दिले तर चित्र स्पष्ट होते. जमिनीत शिंपल्यांचा चुना पुरेसा असेल तर धैंच्यासारखे हिरवळीचे खत गाडल्यानेही त्यातले कॅल्शियम मोकळे होते, आणि जिप्समची गरज आहे की नाही हे अहवालावरूनच ठरवावे. पावसाळ्याआधी चर आणि उघाडीपुढचा गाळ काढावा. भात कापल्यावर शेत उघडे न ठेवता पेंढ्याचे आच्छादन केले तर वर चढणारे मीठ कमी होते. आणि जमीन ओली-चिकट असताना तिच्यात ट्रॅक्टर घालू नये.

तिवरे उगवल्यावर

एवढे करूनही एक प्रश्न एकट्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा राहतो. रायगड आणि ठाणे जिल्ह्यांत जिथे खांडी वर्षानुवर्षे बुजल्या नाहीत, तिथे भरतीबरोबर तिवरांच्या बिया आत आल्या आणि शेतांत कांदळवन उभे राहिले. कांदळवन किनाऱ्याचे रक्षण करते, मासळीची पिल्ले त्यातच वाढतात. त्याची बेसुमार तोड थांबवण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आदेश दिला आणि २०१८ च्या निकालाने ते संरक्षण कायम केले. जमीन खासगी असली तरी तिवरे तोडायला न्यायालयाची परवानगी लागते. त्यामुळे सातबाऱ्यावर भातशेती आणि प्रत्यक्षात जंगल, अशी अनेक कुटुंबांची अवस्था झाली आहे. पीक नाही आणि शेत परत मिळवण्याची वाटही अवघड.

यात तिवरांचा दोष नाही. समुद्राने पुन्हा आपलेसे केलेल्या चिखलात त्यांनी आपले काम केले. दोष न बुजलेल्या खांडीचा आहे. बांधाबाहेर तिवरांची दाट रांग असेल तर लाटांचा मार बांधापर्यंत पोचत नाही, हे खाजणातल्या जुन्या माणसांना माहीत होते. बांधाबाहेर तिवरे आणि बांधाआत भात, अशी ती सोयरीक होती. बांध ढासळला तिथे ती मोडली.

समुद्राची पातळी वाढते आहे आणि ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने अलिबाग-श्रीवर्धनच्या किनाऱ्याला दाखवून दिले की अरबी समुद्र आता पूर्वीसारखा शांत राहिलेला नाही. उधाणाचे पाणी बांधाच्या माथ्याला लागण्याचे दिवस वाढत जाणार. अशा वेळी नवे वाण आणि जिप्सम यांची मदत होईलच. पण या मातीतले मीठ ज्या एका वाटेने बाहेर पडते ती वाट उघाडीतून जाते. उघाडीतला गाळ काढायला आणि खांड लहान असतानाच बुजवायला फार पैसा लागत नाही. पावसाळ्याआधी बांधावरून एक फेरी मारणारी चार माणसे प्रत्येक गावात लागतात. ज्या गावांनी ती ठेवली आहेत, त्यांच्या घरी अजूनही स्वतःच्या शेतातला राता तांदूळ शिजतो.